जाहिरातीचें बिल आणि जाहिरातीचा खर्च

शाळेंत नफातोट्याचा धडा निघाला कीं वर्गास एक निराळाच उत्साह येतो. "एका व्यापाऱ्यानें इतक्या रुपयांस माल खरेदी केला, हमाली व गाडीभाडें मिळून इतका वरखर्च झाला, माल इतक्या रुपयांस विकला, तर त्यास शेकडा नफा किती?" असलीं उदाहरणें मीं पस्तीस वर्षांवर मुलांस घातलीं. मुलें भराभर उत्तरें काढीत व मी त्यांपुढें बरोबरची खूण करीत असें. सेवानिवृत्त होऊन कांहीं वर्षें लोटल्यावर त्या उदाहरणांतील एक मोठें व्यंग माझ्या ध्यानीं आलें. त्यांत वरखर्चाचा आंकडा आयता दिलेला असतो. संसारांत तो कोणी देत नाहीं. ज्याचा त्यास शोधून काढावा लागतो, आणि तो बहुधा अशा ठिकाणीं दडलेला असतो कीं जेथें कोणी पावती फाडीत नाहीं.

श्रोतेहो, हल्लीं ऑनलाइन विक्रीची हवा घरोघर शिरली आहे. कोणी लोणचीं विकतें, कोणी साड्या, कोणी घरीं केलेले साबण. नवा माल लोकांपुढें आणतांना पंधरा दिवस, तीन आठवडे जी एक मोहीम काढतात, तिला खर्च किती आला असें विचारलें तर बहुतेक लोक जाहिरातीचें बिल पुढें करतात. परंतु तें बिल म्हणजे खर्चाचें केवळ एक कलम होय. हें मला कोणा पुस्तकानें शिकविलें नाहीं. घरच्याच एका उदाहरणानें शिकविलें. म्हणून तेंच उदाहरण, आंकड्यांसह, आपणांपुढें मांडतों.

माझें गांव मालेगांव. नाशिक जिल्ह्यांतील यंत्रमागांचें प्रसिद्ध मालेगांव तें हें नव्हे. वाशिम जिल्ह्यांतील, अकोल्याहून वाशिमास जातांना लागणारें आमचें लहानसें तालुक्याचें गांव. या नामसादृश्यानें आम्हांस काय भुर्दंड पडला तें पुढें येईलच. आमच्याकडे सोयाबीन व तूर हीं मुख्य पिकें; पाण्याची सोय असलेले शेतकरी हळदही करतात. ओली हळद शिजवून, उन्हांत वाळवून, घासून तिचीं हळकुंडें होईपर्यंत वजन चौथ्या-पांचव्या हिश्शावर येतें. एवढा खटाटोप करून भाव मिळतो तो हळकुंडांचा. तीच हळद दळून थेट शहरांतील गृहिणीस विकली तर मधला नफा घरांत राहील, असा माझ्या धाकट्या सूनबाईचा विचार. तो विचार चुकीचा होता असें मी आजही म्हणणार नाहीं.

सूनबाई व तिच्या तीन मैत्रिणी एकाच बचत गटांतल्या. त्यांनीं २०२५ सालच्या संक्रांतीचा मुहूर्त धरला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, म्हणजे त्या वर्षीं १४ जानेवारीपासून ४ फेब्रुवारीपर्यंत, घरोघर हळदीकुंकू होत असतें. हळद विकावयास याहून चांगला काळ कोणता? गटाकडून पन्नास हजार रुपये दरमहा शेकडा १ व्याजानें घेतले. अन्नपदार्थाची नोंदणी केली. अर्ध्या किलोचें पाकीट, किंमत २४० रुपये, पोंचविण्याचा खर्च त्यांतच. आगाऊ पैसे भरणाऱ्या पहिल्या शंभर गिऱ्हाइकांस शेकडा २० सूट. बाकीच्यांनीं माल हातीं पडल्यावर पैसे दिले तरी चालेल. विक्री महाराष्ट्रापुरती.

रथसप्तमीच्या रात्रीं चौघींनीं आमच्या ओसरीवर बसून हिशोब केला. मागण्या ३००, दर पाकिटास २४० प्रमाणें ७२,००० रुपये. माल व पिशवी ९५ प्रमाणें २८,५००, कुरिअर ६० प्रमाणें १८,०००, जाहिरात १२,०००. एकूण खर्च ५८,५००. नफा १३,५००. तीन आठवड्यांत साडेतेरा हजार! पेढे वांटले गेले. एक मीही खाल्ला.

पेढ्यानंतर बेत निघाला तो असा, कीं गुढीपाडव्यास दुप्पट मोहीम काढावयाची आणि त्यासाठीं गटाकडून एक लाख रुपये उचलावयाचे. गटाची सारी शिल्लक तेवढीच होती. गटांत दहा बायका. त्यांपैकीं दोघी परक्याच्या शेतांत निंदणास जातात आणि महिन्याचे दोनशें रुपये पदरास गांठ मारून आणून भरतात. त्या दोघींचे पैसे त्या लाखांत होते. म्हणून मी, कोणी न विचारतां, "ती वही जरा मजकडे द्या" असें म्हणालों. सूनबाईच्या मुद्रेवर थोडी नाराजी दिसली, ती मीं न पाहिल्यासारखी केली.

प्रथम जमेची बाजू घेतली. वहींत मागण्या लिहिल्या होत्या. हातीं आलेले पैसे लिहिले नव्हते. ३०० मागण्यांपैकीं १२० गिऱ्हाइकांनीं आगाऊ पैसे भरले होते. त्यांतील शंभरांस ४८ रुपयांची सूट, म्हणजे ४,८०० रुपये कधीं आलेच नव्हते. सूट ही कोणासही खर्च वाटत नाहीं, कारण ती खिशांतून जात नाहीं. खिशांत यावयाची राहते, एवढेंच. उरलेल्या १८० पाकिटांचे पैसे माल पोंचल्यावर मिळावयाचे होते. त्यांतील ३६ पाकिटें परत आलीं. कोणी घरीं नव्हतें, कोणाच्या यजमानांनीं "आम्हीं मागविलेंच नाहीं" म्हणून सांगितलें, कोणी फोनच उचलीना. ३६ पाकिटांचे ८,६४० रुपये वजा केले. ७२,००० च्या जागीं खरी जमा ५८,५६० रुपये.

आतां नांवेची बाजू. परत आलेल्या ३६ पैकीं २६ पाकिटें धड होतीं, तीं पुन्हां विकतां येण्यासारखीं, दहा फाटलेलीं. म्हणून माल २७४ पाकिटांचा धरला, २६,०३० रुपये. जातांनाचें कुरिअर १८,०००. तें वहींत होतेंच. परतीचें भाडें दर पाकिटास ४५ प्रमाणें १,६२०, तें नव्हतें. माल देऊन पैसे गोळा करून आणण्याबद्दल कुरिअरवाला दर पाकिटास २५ रुपये निराळे घेतो, मग गिऱ्हाइक माल घेवो वा न घेवो. ते १८० पाकिटांचे ४,५०० रुपये त्यानें आमच्या रकमेंतून परभारें कापून घेतले होते; परभारें कापलेली रक्कम ही दिसत नसल्यानें सर्वांत फसवी. बाहेरचीं खोकीं व चिकटपट्टी, पाकिटास ७ प्रमाणें, २,१००. ऑनलाइन पैसे जमा करून देणारी कंपनी शेकडा २ घेते व त्या शुल्कावर शेकडा १८ कर. आगाऊ आलेल्या २४,००० रुपयांवर ते ५६६ झाले.

जाहिरातीचे म्हणून १२,००० लिहिले होते. ऑनलाइन जाहिरातीवर शेकडा १८ जीएसटी पडतो. खरी रक्कम १४,१६०. ज्यांची जीएसटीची नोंदणी आहे त्यांस हा कर पुढें वळता करून घेतां येतो. आमच्या बायकांची उलाढाल ४० लाखांच्या कितीतरी आंत आणि विक्री राज्यांतल्या राज्यांत; त्यांस नोंदणीची सक्ती नव्हती. नोंदणी नाहीं म्हणून वळता नाहीं, म्हणून हे २,१६० रुपये सरळ पदरचे.

या जाहिरातीची तऱ्हा थोडी समजावून सांगतों, कारण माझ्या वयाच्या श्रोत्यांस ती नवीन असेल. वर्तमानपत्रांत जाहिरातीचा दर ठरलेला असतो; इतके इंच, इतके रुपये. येथें तसें नाहीं. एखादी गृहिणी मोबाइलचा पडदा वर सरकविते त्या क्षणीं, डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत, तिच्यापुढें कोणाची जाहिरात दाखवावयाची याचा लिलाव होतो. सणासुदीस बोली लावणारे पुष्कळ, म्हणून भाव चढतो. हळद विकण्यास जो काळ चांगला तोच हळदीची जाहिरात करण्यास महाग, हें आम्हांस मागाहून कळलें. १२,००० रुपयांत ती जाहिरात दीड लाख वेळां दिसली. ४,००० वेळां कोणी तिच्यावर बोट ठेवलें. आणि प्रत्यक्ष मागण्या आल्या १८०. उरलेल्या १२० मागण्या नातलग, माहेरचीं माणसें, माझे जुने विद्यार्थी यांच्या, व्हॉट्सॲपवरच्या निरोपानें आलेल्या. आगाऊ पैसे भरणारीं तीं बहुतेक हींच ओळखीचीं माणसें. परत आलेलीं ३६ पाकिटें मात्र सारीं जाहिरातीच्या गिऱ्हाइकांचीं.

शिवाय पहिले दोन दिवस एक गंमत झाली. जाहिरात प्रथम आपल्या गांवच्या आसपास दाखवावी म्हणून मुलींनीं यादींतून "मालेगांव" निवडलें, आणि ती दाखविली गेली नाशिकच्या मालेगांवांत. अकराशें रुपये तेथें गेले. दोष कोणाचा? आमचाच. एकाच नांवाचीं गांवें या देशांत ढिगानें आहेत, म्हणून तर १५ ऑगस्ट १९७२ रोजीं टपाल खात्यानें पिन क्रमांक सुरू केले. ती योजना आंखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनीं, जे संस्कृतांत नाटकें व काव्यें लिहीत. त्यांचा क्रमांक घातला असता तर ४४४ आणि ४२३ हा फरक यंत्रास ताबडतोब कळला असता. मुलांकडून पिन क्रमांक पाठ करून घेणाऱ्या मास्तरच्या घरांत ही चूक व्हावी, याचें मला अजून हंसू येतें.

पुढें चला. वाशिमच्या छायाचित्रकाराचे ३,५०० रुपये एकीनें स्वतःच्या पैशांतून दिले होते. वहींत ते नव्हते. चाळीस लहान नमुन्याचीं पाकिटें नातलगांस व चित्रफिती काढणाऱ्या मुलांस फुकट पाठविलीं, टपालासह दर पाकिटास ७५ प्रमाणें ३,०००. तीं "अशींच दिलीं" होतीं. कर्जाचें तीन महिन्यांचें व्याज १,५००. वेबसाइटचें वर्षाचें भाडें ४,८००. तें सारें या मोहिमेवर टाकणें अन्यायाचें, म्हणून दोन महिन्यांचे ८०० धरले. नांवाच्या व्यापारचिन्हासाठीं ४,५०० रुपये शुल्क भरलें होतें. चिन्हाची नोंदणी दहा वर्षें टिकते. तो खर्च नसून भांडवल होय, आणि दोन महिन्यांचा त्याचा वांटा निघाला ७५ रुपये. तो मीं सोडून दिला. मास्तर झाला तरी त्यानें पंचाहत्तर रुपयांसाठीं सुनेशीं किती वाद घालावा!

वाद झाला तो दुसऱ्याच कलमावर. "तुमच्या चौघींचे तास किती लागले?" असें मीं विचारलें. चौघी एकमेकींकडे पाहूं लागल्या. घरचें काम तें, त्याचे कसले तास? मीं हट्ट धरला. पाकिटें भरणें, चिठ्ठ्या लावणें, कुरिअरच्या कचेरींत खेपा घालणें, रात्रीं अकरा वाजतां "ताई, हळद सेंद्रिय आहे कां?" या प्रश्नास उत्तर देणें; आठवून आठवून तीनशें दहा तास निघाले. निंदणास जाणाऱ्या बाईस आमच्याकडे जी मजुरी पडते तिच्या मानानें तासास ४० रुपये धरले. १२,४०० रुपये. एकीच्या मुलाची दहावीची पूर्वपरीक्षा त्याच आठवड्यांत होती. त्याच्याजवळ बसावयाचे ते तास पाकिटांपाशीं गेले, ते कोणत्या रकान्यांत लिहूं, असें तिनें मला विचारलें. मला उत्तर आलें नाहीं.

बेरीज केली. चौघींचे तास सोडून खर्च ७५,७७६; जमा ५८,५६०; तोटा १७,२१६ रुपये. तास धरले तर तोटा २९,६१६. साडेतेरा हजारांच्या नफ्याचे पेढे खाऊन झाले होते. लबाडी कोणीं केली नव्हती, कोणीं आळसही केला नव्हता. वहींतलें एकही कलम खोटें नव्हतें; नुसतीं कांहीं कलमें वहींत नव्हतीं.

कोणी म्हणेल, मास्तर, नव्या धंद्यास प्रथम तोटा व्हावयाचाच. त्यांत एवढें काय? बरोबर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केले, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष होतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं असें सांगतात. ते नांगर त्या दोन वर्षांत नुसते पडून होते असें आपणांस वाटेल. परंतु लोखंडांत, कोळशांत व मजुरींत घातलेला पैसा अडकून पडला होता, आणि अडकलेला पैसा हा देखील जाहिरातीचाच खर्च. लोकांच्या मनांत नव्या वस्तूविषयीं विश्वास उत्पन्न होईपर्यंत दम धरण्याचा खर्च. पुढें १९१० मध्यें औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्यें शंकरराव किर्लोस्करांनीं "किर्लोस्कर खबर" काढली. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांस व्हावी हा तिचा मूळ हेतु. कागद, छपाई, टपाल हा सारा एका अर्थीं जाहिरातीचा खर्च. पण त्यांतूनच "किर्लोस्कर" मासिक उभें राहिलें, मागोमाग १९३० मध्यें "स्त्री" आणि १९३४ मध्यें "मनोहर" निघालें, आणि महाराष्ट्रांतील एका पिढीच्या वाचनाची सोय झाली. म्हणजे खर्चांत दोन जाती दिसतात. एक, लिलावाच्या क्षणाबरोबर विझणारा; दुसरा, मागें कांहीं ठेवून जाणारा. आमच्या मोहिमेनें मागें काय ठेवलें, हें पाहिल्यावांचून तोट्याचा आंकडा अर्धवट होता.

तें पाहण्यास दसऱ्यापर्यंत थांबावें लागलें. पाकीट पोंचलेल्या २६४ घरांपैकीं ७१ घरांनीं पुन्हां हळद मागविली. सर्व मिळून १९० पाकिटें, जाहिरातीवांचून, सुटीवांचून, आगाऊ पैसे भरून. अशा विक्रींत माल, कुरिअर, खोकें व शुल्क वजा जातां पाकिटामागें ७२ रुपये राहतात. १३,६८० रुपये परत आले. रोख तोटा ३,५३६ वर आला. तास तसेच राहिले.

येथें सूनबाईनें मोठें शहाणपण केलें. तिनें त्या ७१ घरांचीं नांवें दोन कागदांवर निरनिराळीं लिहिलीं. ओळखीचीं ४८. जाहिरातीनें आलेलीं, पूर्वीं ज्यांस आम्ही ठाऊक नव्हतों अशीं, २३. आतां १४,१६० रुपयांस २३ नें भागा. दर घरास ६१५ रुपये. मोहिमेच्या दिवसांत हाच भागाकार १८० मागण्यांनीं केला असता तर ७८ रुपये आले असते, आणि अठ्ठ्याहत्तर रुपयांत नवें गिऱ्हाइक मिळतें असें समजून पाडव्याला लाख रुपये ओतले गेले असते. हजर पटाच्या विद्यार्थ्यांची संख्या आणि उत्तीर्ण झालेल्यांची संख्या यांत जो फरक, तोच येथें. ६१५ रुपये भरून निघावयास त्या घरानें नऊ पाकिटें घ्यावयास हवींत. चौघां-पांचांच्या घरांत अर्धा किलो हळद दोन-तीन महिने पुरते. म्हणजे दीड-दोन वर्षें. किर्लोस्करांच्या नांगराइतकाच दम आमच्या हळदीसही धरावा लागणार होता, आणि तेवढा दम पहिल्या कर्जास, त्याच्या तीन महिन्यांच्या मुदतींत, धरवणारा नव्हता.

पाडव्याची लाखाची मोहीम झाली नाहीं, हें आपण ओळखलेंच असेल. तो निर्णय माझा नव्हे. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशीं चौघींनीं गटापुढें दोन्ही हिशोब वाचून दाखविले, पेढ्यांचा आणि माझा. निंदणास जाणाऱ्या दोघींपैकीं एकीनें एवढेंच विचारलें, "मग आमचे पैसे आहेत नं?" होते. पन्नास हजारांचें कर्ज चौघींनीं हप्त्याहप्त्यानें फेडलें. तोट्याचा वांटा चौघींनीं आपसांत सोसला, गटावर टाकला नाहीं. घरपोंच पैसे घेण्याची सवलत बंद झाली. त्यानें मागण्या कमी झाल्या, परतीचीं पाकिटें मात्र थांबलीं. सुटीच्या ऐवजीं जुन्या गिऱ्हाइकास एक लहान पाकीट जादा जातें, आणि त्याची किंमत त्याच दिवशीं वहींत पडते.

वही आतां नवी आहे. आडवी, लांबट, पूर्वीं किराणा दुकानांत असे तशी. तींत बारा रकाने आखले आहेत. "परत आलें", "परभारें कापलें", "फुकट दिलें" आणि शेवटीं "तास". परवां सूनबाई ती घेऊन मजपुढें आली व म्हणाली, "बाबा, एक कलम राहिलं. तुम्ही रथसप्तमीपासून हिशोबाला बसलात, ते तास कुठं मांडले?" मीं मोजले. अकरा भरले. चाळीस प्रमाणें ४४० रुपये. तोट्याचा आंकडा खोडून मीं त्याच्या वर ३०,०५६ असा लिहिला.